चिपाडाचा उजेड : मॉरिशस बेटाच्या इंधनाची कहाणी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा जयपुरातील मराठी माणसास सुचणारे नेहमीचेच विषय आमच्याही मनात आले. १७५० साली मल्हारराव होळकरांची फौज शहराजवळ येऊन ठेपताच ईश्वरीसिंगाने करून घेतलेला आत्मघात, १७८७ ची लालसोटची लढाई, १७९० ची पाटणची लढाई, महादजी शिंद्यांची दूरदृष्टी. या विषयांवर आमच्याहून अधिकारी मंडळींनी पूर्वीच लिहून ठेवलेले आहे आणि त्यात भर घालण्याजोगे आमच्यापाशी काही नाही. आमचा विषय ठरला तो अगदी अनपेक्षितपणे, आणि तो ठरविला एका पाहुण्याने.

गणेशोत्सवाच्या दिवसांत वैशाली नगरातील आमच्या एका सभासदांकडे मॉरिशसहून एक वृद्ध गृहस्थ सहकुटुंब उतरले होते. आडनाव अस्सल कोकणी. बोलणे मात्र एकेक मराठी शब्द वेचून, जणू ठेवणीतील नाणी मोजून द्यावीत तसे. घरी क्रेओल, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, आणि देवापुढे मराठी, अशी त्यांच्या भाषांची वाटणी. आरती मात्र त्यांना अथपासून इतिपर्यंत पाठ होती. आमच्याकडील तरुण मंडळी ज्या कडव्यापाशी पुटपुटू लागतात, तेथेही त्यांचा स्वर ढळला नाही. आरतीनंतर सारे गच्चीवर गेलो. आसपासच्या गच्च्यांवर गेल्या काही वर्षांत बसविलेले सौर पत्रे चांदण्यात चमकत होते. आम्ही थोड्या अभिमानानेच ते त्यांना दाखविले. ते पाहून गृहस्थांनी विचारले, "आणि आत्ता, या वेळी, तुमचा हा दिवा कशावर जळतो आहे?" आम्ही सांगितले, कोटा आणि सुरतगड येथील केंद्रांच्या विजेवर, तेथे कोळसा जाळतात आणि तो बराचसा छत्तीसगडातून आगगाडीने येतो. गृहस्थ हसले. "म्हणजे तुमच्याकडेही आँत्रकूप आहेच म्हणायचे!"

हा शब्द आम्ही प्रथमच ऐकत होतो. उसाचा एक हंगाम संपून दुसरा सुरू होईपर्यंतचा जो मोकळा काळ, त्यास मॉरिशसमध्ये आँत्रकूप म्हणतात. त्या काळात कारखान्याचे गाळप बंद असते, चिपाड संपलेले असते, आणि वीजघराची भट्टी परदेशातून आलेल्या कोळशावर चालते. त्या एका शब्दाने आमचा पिच्छा पुरविला. पुढील काही महिने त्या बेटाच्या ऊर्जेविषयी जे जे हाती लागले ते ते आम्ही वाचीत गेलो. त्या वाचनातून जी कहाणी आमच्यापुढे उभी राहिली, ती आपल्याच माणसांची, आपल्याच पिकाची आणि पुष्कळ अंशी आपल्याच प्रश्नांची आहे, असे वाटल्यावरून ती येथे सांगत आहोत.

मॉरिशसचे मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या जयपूर जिल्ह्याच्या सहाव्या हिश्श्याएवढे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. एकट्या जयपूर शहरात याच्या दुपटीहून अधिक माणसे राहतात. या बेटाच्या पोटात ना कोळसा, ना तेल, ना वायू. बेट वापरते त्या एकूण ऊर्जेच्या दर दहा हिश्शांपैकी जवळजवळ नऊ हिस्से जहाजातून येतात. आमच्याकडे आगगाडी उशिरा आली तर वर्तमानपत्रात बातमी येते; तेथे जहाज अडले तर दिवाच विझण्याची पाळी.

मात्र ही परावलंबी अवस्था सृष्टीने दिलेली नव्हे, ती इतिहासाने घडविलेली आहे. डच लोक सतराव्या शतकात तेथे उतरले तेव्हा सारे बेट अरण्याने झाकलेले होते. त्यांनी आबनुसाचे वृक्ष तोडून नेले, १६३९ मध्ये जावा बेटावरून ऊस आणून लावला, आणि डोडो नावाचा तो भाबडा पक्षी त्यांच्याच अमदानीत नामशेष झाला. पुढे अठराव्या शतकात फ्रेंचांच्या ताब्यात असताना तेथे पिएर प्वाव्र नावाचा कारभारी आला. जंगल तुटले की पाऊस हटतो, आणि पाऊस हटला की वसाहत बुडते, असा या गृहस्थाचा ठाम सिद्धांत. १७६९ साली त्याने नियम केला की प्रत्येक जमीनधारकाने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा, विशेषतः डोंगरउतारावरचा, जंगल म्हणून राखला पाहिजे. हवामानाच्या भीतीपोटी सरकारने आकड्यात घालून दिलेले हे उद्दिष्ट. पॅरिसचा करार २०१५ चा. हे त्याआधी सुमारे अडीचशे वर्षांचे! अभ्यासक या नियमास पर्यावरणविषयक कायद्यांचा एक पूर्वज मानतात, आणि ते आम्हांस योग्य वाटते.

नियमाचे पुढे काय झाले? साखर महाग झाली, दुसरे काय होणार. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, आणि १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली. त्यानंतर उसाने डोंगर चढावयास प्रारंभ केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेटावर साखरेचे अडीचशेहून अधिक लहानमोठे कारखाने होते. काही बैलांवर चालत, काही पाणचक्कीवर, काही वाऱ्यावर, आणि १८२० च्या दशकापासून वाफेवर. रस आटविण्यास लाकूड लागे. प्वाव्रचे अरण्य त्या चुलवाणांत जळून गेले.

या अडीचशे चुलवाणांसाठी माणसे लागली आणि येथे आपला संबंध येतो. १८३५ च्या १ फेब्रुवारीस गुलामगिरी रद्द झाली. त्यापूर्वीच, १८३४ च्या २ नोव्हेंबरला, 'अ‍ॅटलस' जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरविले होते. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख भारतीय करारबद्ध होऊन तेथे गेले. बहुसंख्य बिहार व पूर्वेकडील, पुष्कळ मद्रास इलाख्यातील, आणि काही सहस्र मुंबई बंदरातून निघालेले, म्हणजे रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि सातारा या आजच्या जिल्ह्यांच्या मुलुखातील मराठी माणसे. आपल्याबरोबर त्यांनी गणपती नेला आणि जाखडीचा नाच नेला. तो नाच आज तेथे 'झाकरी' या नावाने ओळखला जातो. हेन्रिएटा नावाच्या गावी १८९६ पासून गणेशचतुर्थी साजरी होते, अशी तेथील परंपरा सांगते. लोकमान्यांनी पुण्यात उत्सवाला सार्वजनिक रूप देऊन तेव्हा अवघी तीनच वर्षे झाली होती! आज गणेशचतुर्थीस त्या देशात सरकारी सुटी असते. कराराच्या या पद्धतीविरुद्ध १९१२ साली कलकत्त्याच्या कायदे मंडळात जो ठराव आला, तो मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले हेही रत्नागिरी जिल्ह्यातीलच, हे येथे नमूद करावेसे वाटते. ठराव फेटाळला गेला, परंतु पद्धत पुढे टिकली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे दर कोसळले, तेव्हा मोठ्या मळेवाल्यांनी कडेच्या जमिनींचे तुकडे पाडून विकावयास काढले. कराराची मुदत संपलेल्या मजुरांनी गाठीस बांधलेल्या पैशांतून ते एकर-दोन एकर विकत घेतले. आमच्या पाहुण्यांचे पणजोबा त्यांतीलच एक. मजूर होता त्याचा बागाईतदार झाला. बागाईतदार हा शब्द मोठा आहे, पण दोन एकर उसाच्या धन्यास तो अभिमान का नसावा? हा लहान ऊसकरी पुढील साऱ्या कथेचा नायक आहे. तो नजरेआड झाला की या बेटाच्या विजेचे गणित उलगडत नाही.

आता चिपाडाकडे वळू. ज्यांनी कोल्हापूर-सांगलीकडचे गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे सांगावयास नकोच. चरकातून निघालेले चिपाड उन्हात वाळवून त्याच चुलवाणात सारतात. काहिलीतला रस त्याच उसाच्या सालपटांवर आटतो. गुळव्या इंधन म्हणून बाहेरचे क्वचितच मागतो. उसाने आपणच आपला गूळ करावा, अशी ही सोय. साखर कारखान्यात तत्त्व तेच. एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो चिपाड उरते. त्यात निम्मे पाणी असते. तरीही ते बाष्पकात जाळून कारखाना स्वतःची वाफ आणि वीज करतो. पूर्वी हेतू एवढाच असे की चिपाडाचा ढीग संपावा. म्हणून बाष्पक मुद्दाम उधळे ठेवीत.

मॉरिशसमध्ये ही उधळपट्टी थांबविण्याचा पहिला प्रयत्न १९५७ सालचा. सेंट आंत्वान येथील कारखान्याने आपली शिलकी वीज सार्वजनिक तारांत सोडली. सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्ड, म्हणजे तेथील वीज मंडळ, १९५२ मध्ये स्थापन झाले होते. विजेचे प्रमाण अगदी किरकोळ, परंतु कल्पना मोठी. ज्या पिकासाठी आमची माणसे समुद्रापार नेली गेली, त्याच पिकाच्या टाकाऊ भागातून घरातला दिवा लागला. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांनी सहवीजनिर्मितीचा मार्ग धरला तो त्यानंतर कित्येक दशकांनी. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला आणि सहकारात आम्ही जगाला धडा दिला हे खरे. चिपाडाच्या बाबतीत मात्र धडा त्या चिमुकल्या बेटाकडून घ्यावयाचा होता, आणि तो घेण्यास आम्हांस उशीर झाला.

१९६८ च्या १२ मार्चला मॉरिशस स्वतंत्र झाले, तेव्हा निर्यातीच्या उत्पन्नाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग साखरेचा होता. १९७३ मध्ये ७,१८,००० टनांचे विक्रमी साखर उत्पादन झाले. त्याच वर्षी अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि तेलाचे भाव चौपट झाले. १९७५ मध्ये युरोपीय देशांशी साखरेचा करार झाला आणि हमखास चढा भाव मिळू लागला. त्याच वर्षी फेब्रुवारीत गेर्व्हेज नावाच्या चक्रीवादळाने पिके आणि विजेचे खांब एकदमच आडवे केले. १९७९ मध्ये तेलाचा दुसरा धक्का बसला आणि मॉरिशसच्या रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. १९८१ मध्ये पुन्हा एकदा. एकच वस्तू विकून बाकी सर्व विकत आणणाऱ्या घराची जी गत, ती या राष्ट्राची झाली. डोंगरातील पाण्यावर वीज काढण्याचे प्रयत्न झाले. शांपान्य येथील ३० मेगावॅटचे केंद्र त्यातील सर्वांत मोठे. पण सारे जलविद्युत मिळून साठ मेगावॅटच्या आसपास जाते, आणि दुष्काळ पडला की तेही आटते. म्हणून राज्यकर्त्यांची दृष्टी चिपाडावर स्थिरावली.

येथून पुढची दोन दशके आमच्या मते या इतिहासातील सर्वांत उमेदीची. १९८० च्या दशकात फ्लाक येथील कारखान्यात बारमाही वीज देणारे संयंत्र उभे राहिले. १९९१ मध्ये सरकारने चिपाड-ऊर्जेचा स्वतंत्र कार्यक्रमच आखला. १९९४ मध्ये एक गुंतवणूक न्यास काढून ऊसकऱ्यांना आणि कामगारांना कारखान्यांचे भागधारक करण्यात आले. हे वाचताना विखे-गाडगीळांची आठवण आल्यावाचून राहत नाही, जरी मालकीचा मोठा वाटा तेथे जुन्या मळेवाल्या घराण्यांच्या कंपन्यांकडेच राहिला. लहान कारखाने बंद करून मोठ्यांत मिळविले गेले. २००० मध्ये बेल व्ह्यू येथे ८२ बार दाबाचे बाष्पक बसले. पूर्वीच्या बाष्पकांतून टनभर उसामागे तारांत सोडण्याजोगी दहा-वीस युनिटे निघत. नव्या बाष्पकातून शंभराहून अधिक निघू लागली. ऊस तोच, चिपाड तेच, केवळ आग नीट जाळावयास शिकले. २००७ मध्ये दक्षिणेकडे साव्हान येथे याच धर्तीचे आणखी मोठे केंद्र आले. जगभरचे साखर-तज्ज्ञ ते पाहण्यास जाऊ लागले.

परंतु या सर्व संयंत्रांत एक गोम होती. तोडणीचा हंगाम साधारण जूनपासून डिसेंबरपर्यंतचा. उरलेल्या महिन्यांत, म्हणजे त्या आँत्रकूपात, एवढे महागडे यंत्र रिकामे ठेवणे परवडेना. म्हणून त्याच भट्टीत कोळसा जाळण्याची सोय केली गेली. कोळसा मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून येई, स्वस्त पडे, आणि एक टन कोळशात तीन टनांहून अधिक ओल्या चिपाडाची आच असते. प्रारंभी कोळसा पाहुणा म्हणून आला, चिपाड घरचे. वीस वर्षांत पाहुण्याने ओसरीवरून माजघरात आणि माजघरातून देवघरात मुक्काम हलविला. गेल्या दशकाच्या मध्यास बेटाच्या विजेचा सुमारे चाळीस टक्के भाग कोळशाचा होता आणि चिपाडाचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. ज्या धुराड्यावर 'चिपाड' अशी पाटी, तिच्यातून वर्षातील पुष्कळ दिवस कोळशाचाच धूर.

असे का झाले? यंत्र बिघडले म्हणून नव्हे. ऊस घटला म्हणून. युरोपीय संघाने २००५ मध्ये साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरविण्याचा निर्णय घेतला आणि २००९ पर्यंत तो पुरता अमलात आला. २०१७ मध्ये युरोपातील उत्पादनावरील कोटाही उठला. साठ लाख टनांच्या घरात जाणारे उसाचे उत्पादन आता पंचवीस लाख टनांच्या आसपास घुटमळते. एके काळी अडीचशेहून अधिक असलेल्या कारखान्यांपैकी आज तीन उरले आहेत. लहान ऊसकऱ्यांची संख्या विसेक वर्षांत निम्म्याहून खाली आली. तोडणीस माणूस मिळत नाही; मुले बँकेत, हॉटेलात, नाहीतर लंडन-पॅरिसला. आमच्या पाहुण्यांच्या पणजोबांनी घेतलेले दोन एकर आठ वर्षे पडीक आहेत, असे त्यांनी आम्हांस सांगितले. सांगताना त्यांचा आवाज उतरला होता. एक मुलगा संगणकाचे काम करतो, दुसरा पाहुण्यांना बोटीतून प्रवाळ दाखवितो; कोयता धरणारे कोणी नाही.

या ठिकाणी चिपाड कोणाचे, हा प्रश्न विचारणे भाग आहे. दीर्घकाळ तेथील रीत अशी की ऊसकऱ्याच्या उसापासून होणाऱ्या साखरेत ७८ टक्के वाटा त्याचा आणि २२ टक्के कारखान्याचा. साखरेचा वाटा असा काटेकोर. परंतु त्याच उसाच्या चिपाडापासून निघालेल्या विजेच्या मोबदल्यात त्याच्या पदरात पडे ते नाममात्र. साखरेचा भाव चढा होता तोवर कोणाला याची टोचणी लागली नाही. भाव पडल्यावर मात्र, जे चिपाड देशाचा दिवा लावते त्याचे मोल ते पिकविणाऱ्यास का मिळू नये, असे ऊसकरी विचारू लागला. सरकारने २०२१ नंतर चिपाडाचा मोबदला पुष्कळच वाढविला. आमच्या मते हे पाऊल योग्य. पण ते पंधरा वर्षे आधी पडते तर पुष्कळ पडीक शेते हिरवी राहिली असती. महाराष्ट्रातही उसाच्या भावाची आंदोलने होतात तेव्हा सहवीज आणि मळी यांतील वाट्याचा प्रश्न निघतोच. तेथील अनुभव आपल्या मंडळींनी डोळ्यांखालून घालण्याजोगा आहे.

आता उद्दिष्टांविषयी. २००८ मध्ये 'शाश्वत मॉरिशस' अशा अर्थाच्या नावाची मोहीम निघाली. २००९ च्या दीर्घकालीन ऊर्जा धोरणात २०२५ पर्यंत पस्तीस टक्के वीज नवीकरणीय साधनांची, असे ठरले. पॅरिस कराराच्या निमित्ताने २०३० पर्यंत हरितगृह वायूंत तीस टक्के कपात करण्याचे वचन दिले गेले. २०२१ मध्ये ते वाढवून चाळीस टक्के केले. त्याबरोबरच २०३० पर्यंत साठ टक्के वीज नवीकरणीय आणि कोळसा पूर्णतः बंद, अशीही घोषणा झाली. आकडे चढत गेले, वस्तुस्थिती मात्र उतरत गेली. २०२० नंतरच्या तीन वर्षांत नवीकरणीय विजेचा वाटा वाढण्याऐवजी घटला आणि २०२३ मध्ये तो एकपंचमांशाहूनही कमी भरला. आम्हांस यात कोणाचा उपहास करावयाचा नाही. जगाच्या एकूण वायू-उत्सर्गात या देशाचा वाटा शंभरात एक नव्हे, दहा हजारांत एक. त्याने सारे दिवे विझविले तरी समुद्राची पातळी केसभरही हलणार नाही; उलट समुद्र चढला तर पहिला फटका त्यालाच. २०१३ च्या ३० मार्चला अवघ्या काही तासांच्या पावसाने पोर्ट लुईमध्ये अकरा माणसे बुडून दगावली. २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळात त्याच शहराच्या रस्त्यांवर मोटारी तरंगताना जगाने पाहिल्या. असा देश जेव्हा मोठी उद्दिष्टे जाहीर करतो, तेव्हा इतरांस लाजविणे हाही त्याचा एक हेतू असतो, आणि तो रास्त आहे.

जनतेने या बाबतीत सरकारच्या पुढे पाऊल टाकल्याचेही उदाहरण आहे. पश्चिम किनाऱ्यावर पॉइंट-ओ-काव्ह येथे कोळशावरचे ११० मेगावॅटचे नवे केंद्र व्हावयाचे होते. २०१३ च्या प्रारंभी त्याविरुद्ध एका तरुणाने उपोषण आरंभिले, लोक त्याच्या पाठीशी उभे राहिले, सरकारला राष्ट्रीय ऊर्जा आयोग नेमावा लागला, आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना काही दिवस या बेटावर थांबले होते; त्यांच्या शस्त्राचा असा उपयोग तेथे शंभर वर्षांनी व्हावा, हा योगायोग म्हणावा काय?

तेलाची कथा याहून वेगळी आहे आणि तिच्यातील एक तपशील आम्हांस फार आवडला. २००७ पासून २०१९ पर्यंत मॉरिशसचे बहुतेक सारे पेट्रोल, डिझेल आणि भट्टीचे तेल मंगळूरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून जात असे. ज्या पश्चिम किनाऱ्यावरून आपले पूर्वज शिडाच्या जहाजातून गेले, त्याच किनाऱ्यावरून त्यांच्या पणतवंडांच्या मोटारींचे तेल गेले. भारताने तेथे मेट्रोही उभारून दिली; मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने ती बांधली आणि २०१९ च्या ऑक्टोबरात तिचे उद्घाटन झाले. या बेटावर १८६४ मध्ये आगगाडी आली होती, बाहेरून आणलेल्या कोळशावर चालणारी. १९५६ मध्ये प्रवासी गाड्या बंद पडून तिची जागा मोटारींनी घेतली. आता पुन्हा रूळ आले, गाडी विजेची आली, आणि त्या विजेत पुन्हा कोळसाच! फेरा पुरा झाला असे म्हणावयाचे.

आणि तरीही या साऱ्या कथेत आमच्या डोळ्यांपुढून न हलणारे चित्र २०२० च्या ऑगस्टमधले आहे. २५ जुलैच्या रात्री 'वाकाशिओ' नावाचे जपानी मालकीचे अवाढव्य मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळरांगेवर चढले. ६ ऑगस्टला त्याच्या टाक्यांतून तेल गळू लागले आणि सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात मिसळले. ते जहाज मॉरिशसला काही आणीत नव्हते, की तेथून काही नेत नव्हते, वाटेने जाणारे. सरकारी साहाय्य येण्याची वाट न पाहता हजारो माणसे किनाऱ्यावर धावली. कापडाच्या लांबलांब नळ्या शिवून त्यांत उसाचे पाचट भरले, तरंगण्यासाठी प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधल्या, आणि त्या तटबंदीने तेल अडविले. भारताने विमानाने तीस टन साहित्य आणि तटरक्षक दलाचे दहा जणांचे पथक धाडले, तेही मोलाचे. पण प्रथम जे धावून आले ते पाचट. पाहुण्यांच्या पडीक शेताशेजारच्या शेतातून गाडीभर पाचट गेले होते, आणि ते भरावयास त्यांची सून आणि नात रात्रभर बसल्या होत्या.

पुढचे प्रयत्न चालू आहेत. २०१४ मध्ये बांबू नावाच्या गावी १५ मेगावॅटचे पहिले मोठे सौर केंद्र सुरू झाले. त्यानंतर प्लेन-दे-रोश येथे साडेनऊ मेगावॅटच्या आतबाहेरच्या पवनचक्क्या फिरू लागल्या. परंतु सूर्य रात्री नाही, वारा लहरी, आणि चक्रीवादळाची टांगती तलवार; भोवताली दुसरा देश नाही की ज्याच्या तारांतून उसनी वीज घ्यावी. आमच्या राजस्थानात भाडला येथे २,२४५ मेगावॅटचे सौर उद्यान आहे. रात्री आमची गरज कोटा भागवितो, कोटा अडला तर देशभरच्या तारा आहेत. बेटाला ही मुभा नाही. तेथे साठवण हवी, आणि साठवून ठेवता येणारे घरचे इंधन म्हटले तर ते एकच: उभा ऊस आणि वाळलेले चिपाड. म्हणूनच कोळसा बंद करण्याच्या प्रत्येक योजनेत शेवटी तेच नाव येते, आणि त्यासाठी पडीक शेतांत कोणीतरी पुन्हा बेणे लावावयास हवे.

हेन्रिएटाचे नाव मघाशी आले. त्याच गावाजवळ तामारिंड फॉल्सचे धबधबे आहेत आणि त्यांच्या पाण्यावर चालणारे जुने वीज केंद्र आहे. तेथेच भारताच्या साहाय्याने ८ मेगावॅटचे सौर केंद्र उभारण्याचे काम २०२२ च्या जानेवारीत दोन्ही पंतप्रधानांच्या हस्ते आरंभिले गेले. वर्षाला सुमारे १४ दशलक्ष युनिटे आणि दहा हजार घरांचा दिवा, असा त्याचा अंदाज. २०२५ मध्ये तेथील जलाशयावर १७.५ मेगावॅटचे तरंगते सौर केंद्र बसविण्याच्या वाटाघाटीही दोन्ही देशांच्या संयुक्त निवेदनात आल्या. आमचे पाहुणे त्याच बाजूचे. निघण्याच्या दिवशी आम्ही त्यांना विचारले, त्या दोन एकरांचे आता काय करणार? सौर पत्रे लावण्यासाठी जागा भाड्याने मागणारे येऊन गेले होते, आणि चिपाडाचा दर वाढल्यामुळे पुन्हा ऊस लावावा असे शेजारी म्हणत होते. "दोन्ही मुलांना विचारले आहे," ते म्हणाले, "गणपती विसर्जनाला घरी जमतील, तेव्हा ठरवू." मग गच्चीवरच्या पत्र्यांकडे एकदा पाहून त्यांनी आमच्या गृहिणीकडे उकडीच्या मोदकांची कृती लिहून मागितली, मराठीत, पण मोठ्या अक्षरांत.